बिजलीबाईच्या कोथळीतलं सिमकार्ड

अंगठ्याच्या नखाएवढं माझं अंग, त्यावर सोनेरी पत्र्याचा चौकोन आणि एक कोपरा जन्मापासूनच छाटलेला. ओळखलंत का मित्रांनो? मी एक जुनं सिमकार्ड आहे. आता माझ्यात नावालाही नेटवर्क उरलेलं नाही. मला कोणत्याही मोबाइलमध्ये घाला, तो कोरडेपणानं सांगेल, 'फक्त आपत्कालीन कॉल'. एवढं होऊनही मी मजेत आहे. माझा आजचा मुक्काम कुठे आहे हे कळलं तर तुम्हाला माझा हेवाच वाटेल. पण ते शेवटी सांगेन.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझी हजारो भावंडं होती आणि प्रत्येकाच्या पोटात एक वेगळा नंबर होता. एका मोठ्या पांढऱ्या कार्डात मला बसवलं, पाकिटात घातलं आणि खोक्यात भरून पाठवून दिलं. खोकं उघडलं ते थेट ढाणकीच्या बसस्टँडसमोर, एका रंगीत छत्रीखाली. छत्रीचा मालक बबलू तेव्हा नुकता धंद्याला लागला होता. छत्री, एक टेबल, एक खुर्ची आणि घसा, एवढंच त्याचं भांडवल.

एके दिवशी त्या छत्रीखाली दोन बहिणी आल्या. दोघींच्या ओढणीला आरसे, हातभर बांगड्या, त्यामुळे त्या येण्याआधी त्यांचा आवाज आला. थोरली बिजलीबाई, ढाणकीजवळच्या तांड्यावरची. धाकटी सुखीबाई, तिला तिकडे आदिलाबादच्या बाजूला दिलेलं. होळीला बहिणीकडे आलेली सुखीबाई आता परत निघाली होती आणि जाण्याआधी दोघींना बोलण्याची काहीतरी सोय करून ठेवायची होती. आपसांत त्या गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलत होत्या. तुम्हाला कळावं म्हणून मी त्यांचं बोलणं इथल्या वऱ्हाडीत सांगतो.

बबलूनं मला कार्डातून मोडून बाहेर काढलं, बिजलीबाईच्या बटणांच्या मोबाइलमध्ये बसवलं आणि सुखीबाईला विचारलं, "मावशी, तुमाले नंबर लिहून देऊ काय?"

"लिहून कायले?" सुखीबाई म्हणाली. "मले कुठं वाचता येते? तू बोल, मी गातो."

बबलूला आधी वाटलं, बाई थट्टा करून राहिली. पण तो एकेक आकडा बोलत गेला आणि ती खरंच एकेक ओळ जोडत गेली. होळीला तांड्यावर ज्या चालीत लेंगीची गाणी म्हणतात, त्याच चालीत. नऊ बैल लदेणीचे, आठ गोण्या मिठाच्या, असं करत करत दहाही आकडे तिनं ओवले. पूर्वी या लोकांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. तो सगळा प्रवास तिनं माझ्या नंबरात आणून बसवला. शेवटचा आकडा होता दोन. त्यावर ती बहिणीकडे पाहून हसली आणि म्हणाली, 'अन् मागून चालल्या दोघी बहिणी'.

स्टँडवरचे लोक जमून ऐकू लागले. कुणी तरी टाळ्याही वाजवल्या. मित्रांनो, पुष्कळ सिमकार्डांचं बारसं झालेलं मी ऐकलं आहे, पण असं वाजतगाजत दुसऱ्या कुणाचं झालं असेल असं मला वाटत नाही.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली, आणि ती सुखाची होती. तेव्हा बोलणं महाग आणि मिस कॉल फुकट. तांड्यानं मिस कॉलचीच भाषा करून टाकली होती. शेतातून एकदा घंटी वाजली की लाइट आली, मोटर सुरू झाली. दोनदा वाजली की भाकरी पाठवा. हरिसिंग, म्हणजे बिजलीबाईचा नवरा, कधीकधी तीनदा वाजवायचा. त्याचा अर्थ ठरलेला नव्हता, पण बिजलीबाई लाजून फोन पदराखाली घ्यायची.

तांड्यात मोबाइल कमी आणि सिमं जास्त. त्यामुळे आम्ही सिमं पाहुण्यासारखी घरोघर फिरत असू. आपल्या मोबाइलची बॅटरी बसली की माझी रवानगी शेजारच्या लालीबाईच्या मोबाइलमध्ये. तिचा पोरगा मोबाइल घेऊन बाजारात गेला की तिचं सिम आमच्याकडे. बाहेरगावी जाताना मोबाइल घरीच चार्जिंगला ठेवायचा आणि सिम तेवढं बरोबर घ्यायचं, ही तर पद्धतच होती. बिजलीबाई काशिद्याच्या सुईनं मला अलगद उचलायची आणि कमरेच्या कोथळीत टाकायची. कोथळी म्हणजे आरशाटाक्यांनी मढवलेली तिची कापडी पिशवी. तिच्यात सुपारीची खांडं, रंगीत दोरे, चार कवड्या आणि मी. मोबाइल म्हणजे नुसतं घर आणि सिम म्हणजे घरातलं माणूस, असा तिचा साधा हिशेब होता. इतकी वर्षं तो कधी चुकला नाही.

माझ्या अंगावर संकटं आली ती फॅशनमुळे. मोबाइल जसे बदलले तशी आम्हा सिमांची जागा लहान होत गेली. बबलूनं आता छत्री सोडून स्टँडसमोर दुकान थाटलं होतं आणि त्याच्याकडे सिम कापायचं एक यंत्र आलं होतं. त्या यंत्रात मला घालून त्यानं खटकन दाबलं. मी डोळे मिटून घेतले. पुढे आणखी लहान जागेचा मोबाइल आला, पुन्हा खटकन. पुन्हा जुन्या बटणांच्या मोबाइलमध्ये जायचं झालं की मला प्लास्टिकच्या चौकटीत बसवायचे, लहान मुलाला थोरल्या भावाचा सदरा घालावा तसं. पण नंबर पत्र्यात होता आणि पत्रा शाबूत होता, म्हणून मी कधी कुरकुर केली नाही.

रिचार्जच्या बाबतीत बिजलीबाई फार कडक. पूर्वी एकदा टॉकटाइम टाकला की नंबर कितीतरी दिवस जिवंत राहायचा. मग मुदतीचे प्लॅन आले आणि येणारे फोनसुद्धा मुदत संपली की बंद पडू लागले. बिजलीबाई मुदत चंद्रावरून ओळखायची. पण अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन चंद्रालाही पुरत नाही, थोडा आधीच संपतो. "मोबाइलवाल्याइचा महिना चंद्रापेक्षा लबाड," असं म्हणत ती चंद्राच्या आधीच बबलूच्या दुकानात हजर असायची.

एवढी धडपड कशासाठी, तर सुखीबाईसाठी. सुखीबाईनं स्वतःचा मोबाइल कधी घेतलाच नाही. ती शेळ्यांमागे रानोमाळ हिंडणारी. तिचा मुलगा दर हंगामात नवा नंबर घेणारा, नव्या सिमवर काही फुकट मिळालं की जुनं खुशाल फेकून देणारा. असल्या माणसांबद्दल मी काही बोलत नाही, बोललो तर तोंडून वाईट शब्द जाईल. त्यामुळे बिजलीबाईला बहिणीला फोन लावायला कोणता नंबरच नव्हता. फोन यायचा तो तिकडूनच, आणि दरवेळी वेगळ्या नंबरावरून. कधी कुणा बसमधल्या प्रवाशाचा मोबाइल, कधी दूधवाल्याचा.

"एक मोबाइल घेऊन टाक ना व," बिजलीबाई म्हणायची.

"मले कायले मोबाइल?" सुखीबाई तिकडून हसायची. "नंबर माह्या तोंडात हाय, मोबाइल लोकाइच्या खिशात हाय."

अशी वर्षं गेली. उचलून उचलून, घासून घासून माझा पत्रा झिजला. मध्येच नेटवर्क जायचं. बिजलीबाई मला पदरावर पुसायची, फुंकर मारायची, मग मी पुन्हा कामाला लागायचो. त्यातच तिचा मुलगा जीवन, जो यवतमाळला नोकरी करतो, त्यानं आईसाठी मोठ्या काचेचा मोबाइल घेतला. नातीचे फोटो पाहता यावेत म्हणून. हो, जीवन आणि उज्ज्वला यांना नुकतीच मुलगी झाली होती. माझी अवस्था पाहून जीवन म्हणाला, "आई, हे सिम झिजलं. आता ई-सिम करून घेऊ."

तो तिला यवतमाळच्या मोबाइल कंपनीच्या दुकानात घेऊन गेला. मीही होतो, त्या नव्या मोबाइलच्या पोटात. काउंटरवरच्या मुलीनं हसून सगळं समजावलं. बिजलीबाईनं मात्र उलटतपासणीच घेतली.

"नंबर थोच राहीन ना?"

"हो आजी, तोच."

"अन् मारलेलं रिचार्ज?"

"तेही तसंच. प्रीपेड प्लॅन, मुदत, काही बदलत नाही."

"मंग थे सिम दिसते कुठं?"

"दिसत नाही आजी. ते मोबाइलच्या आतच असतं."

"दिसत नाही तं काढाचं कसं?"

"काढायचंच नसतं, तोच तर फायदा आहे," मुलगी म्हणाली. "हरवायला नको, तुटायला नको."

बिजलीबाईनं मान डोलावली, पण तिला काही ते पटलेलं दिसलं नाही. जीवननं मोबाइलवर काहीतरी केलं, आणि थोड्या वेळानं माझ्या नेटवर्कच्या दांड्या एकेक करून गेल्या. दुखलं नाही. पण एकदम एवढी शांतता झाली की मला रडू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यात कुणाचाच आवाज नव्हता.

जीवननं मला काढून आईच्या हातावर ठेवलं. "हे आता काही कामाचं नाही. फेकून दे."

"फेकून दे म्हनते!" बिजलीबाईनं मूठ मिटली. "माही बहीण हाय याच्यात."

आणि मी परत कोथळीत गेलो, सुपारी आणि कवड्यांच्या शेजारी.

खरं सांगतो मित्रांनो, त्या ई-सिमचा मला फार राग आला होता. ना अंग, ना रंग. सोनेरी पत्रा नाही की छाटलेला कोपरा नाही. पण कोथळीत रिकामं बसलं की विचार करायला वेळ मिळतो. त्याला कुणी यंत्रात घालून कापणार नव्हतं. तो धुळीनं झिजणार नव्हता. बाजाराच्या गर्दीत पडणार नव्हता. माझ्याच जागी तो अधिक नीट काम करत होता, हे मला कबूल करावं लागलं, आणि एका संध्याकाळी त्याच्यावरून सुखीबाईचा फोन आला तेव्हा तर माझा राग पारच गेला. मोबाइल स्पीकरवर होता, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

होळी तोंडावर आली होती. वर्षभरात बाळ जन्मलं की होळीला त्याची धुंड करतात. बाळाला मांडीवर घेऊन बसतात, वर काठ्या वाजवत तांडा गातो, बाळाला आशीर्वाद देतो. पूर्वी हा मान मुलग्यांनाच मिळे. बिजलीबाईनं मात्र सांगून टाकलं होतं की नातीची धुंड होणार, आणि लेंगी सुखी म्हणणार. तिच्यासारखा गळा तांड्यात दुसरा नाही. उज्ज्वला बाळाला घेऊन माहेरी, बोरी अरबच्या बाजूला होती, आणि जीवन तिला होळीला घेऊन येणार होता.

"येतो न व," सुखीबाई फोनवर म्हणाली. "शेळ्या शेजारनीले सांगतल्या. निघाली का रस्त्यातून फोन करतो. ढाणकीच्या ष्टँडवर कोनी घ्याले पाठव. मागं तुमी मले वाजत नेलतं. आता कोनी नाही आलं तं त्याच गाडीनं वापस."

ती हसत बोलली, पण बिजलीबाई हसली नाही. धुंडीला बोलावलेली बहीण स्टँडवरून मानानं आणायची असते, आणि सुखीचा हट्ट तिला लहानपणापासून माहीत होता. एकदा भाकरी गोल नाही म्हणून जेवली नव्हती. ती परत म्हणाली म्हणजे परतच.

आणि नेमकं पुढं काय झालं पाहा. गोठ्यात शेळीनं धडक दिली, बिजलीबाईच्या हातातला मोबाइल दगडावर पडला. काचेवर जाळं पसरलं आणि उजेड गेला तो आलाच नाही.

ती लगेच ढाणकीला बबलूकडे गेली. बबलूनं मोबाइल उलटासुलटा पाहिला. "काच गेली मावशी. यवतमाळहून आणा लागन." मग मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकता टाकता, दुरुस्तीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो ते त्यानंही विचारलं, "सिम काढून घेतलं ना?"

बिजलीबाईनं कोथळीवर थाप मारली. "सिम माह्याजवळच हाय."

ड्रॉवर बंद झाला. मित्रांनो, त्या ड्रॉवरमध्ये नंबर होता! सुखीबाईच्या वाटेवरचा एकुलता एक नंबर अंधारात निपचित पडला होता आणि मी, रिकामा, थाटात घरी चाललो होतो. मला ओरडावंसं वाटत होतं. पण सिमकार्ड स्वतःहून कधी बोलत नाही, त्याच्यातून दुसऱ्यांनी बोलायचं असतं.

घरी येऊन बिजलीबाईनं जुना बटणांचा मोबाइल काढला, मला चौकटीत बसवून त्यात घातलं आणि निश्चिंत झाली. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द आले, ते घरात कुणी वाचले नाहीत. हरिसिंग मोबाइल उंच धरून कडुनिंबाभोवती फिरून आला.

"टावर बिघडला असन," तो म्हणाला.

"लालीबाईचा तं लागून राह्यला."

"तिची कंपनी दुसरी हाय व."

तिकडे जीवननं एकदोनदा आईला फोन लावला. बंद लागला. आईनं चार्जिंग केलं नसेल, असं समजून तो आपल्या कामाला लागला. होळीला घरी जायचंच होतं.

बिजलीबाई मला हातातून सोडेना. कणीक मळताना मोबाइल परातीशेजारी, पाणी भरताना कमरेला. मध्येच कळ दाबून पाही. तांड्यावरच्या पोरी लेंगीचा सराव करत होत्या, तिला हाका मारत होत्या, पण ती गेली नाही. हरिसिंगनं लांबून तिला हसवायचा प्रयत्न केला, मोबाइल नसतानाही तीन वेळा तोंडानं घंटी वाजवली. ती हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले.

"सुखी निघाली असन हो," ती म्हणाली. "अन् आपन इथं बहिरे होऊन बसलो."

होळीच्या आदल्या दिवशी बाजार होता. बिजलीबाई गुलाल-गाठ्या घ्यायच्या म्हणून निघाली, पण पिशवी रिकामी ठेवून तडक बबलूच्या दुकानात शिरली आणि मला काउंटरवर ठेवलं. "हे पाह्य बरं. काहून बोलत नाही?"

बबलूनं मला पुसलं, खोडरबरानं पत्रा घासला, स्वतःच्या मोबाइलमध्ये घालून पाहिलं, परत काउंटरवर ठेवलं आणि मान हलवली. "मावशी, हे तं मेलं."

बिजलीबाई स्टुलावर बसली. "नंबर मेला?"

तिचा चेहरा पाहून बबलू घाबरलाच. काहीतरी करावं म्हणून तो म्हणाला, "थांबा मावशी, तुमची काच सकाळच्या गाडीनं आली. थे तं बसवून देतो." त्यानं ड्रॉवर उघडला, जुनी काच काढली, नवी बसवली आणि कळ दाबली. मोबाइल उजळला. दांड्या उभ्या राहिल्या, एक, दोन, सगळ्या. बबलूनं सिमचा कप्पा उघडून पाहिला. कप्पा रिकामा.

"अरे! कप्पा खाली अन् नेटवर्क फुल?" मग त्यानं कपाळावर हात मारला. "मावशी, जीवननं याच्यात ई-सिम टाकलं काय?"

"यवतमाळले काहीतरी केलतं त्यानं. पन सिम मले वापस देलतं ना!"

"थे मेलेलं सिम देलतं वापस. जितं सिम माह्या ड्रॉवरमंदी होतं!"

तो पुढे काही बोलणार तोच मोबाइल टिंग वाजला. मग टिंग, टिंग, टिंग. बंद असताना आलेल्या फोनांचे निरोप एकामागून एक येऊ लागले. एकदोन जीवनचे, बाकी प्रत्येक वेगळ्या नंबरावरून. बबलू म्हणाला, "कोन कोन आहेत हे लोकं?"

"हे एकच बाई हाय," बिजलीबाई उठून उभी राहिली. "लाव एकेकाले."

बबलूनं स्पीकर सुरू केला आणि पहिला नंबर लावला. आदिलाबादच्या स्टँडवरचा फळवाला निघाला. "हाँ हाँ, एक अम्मा थी. गाना गाके नंबर बताई. फोन बंद आया तो भी बस में बैठ गई."

दुसरा नंबर किनवटच्या एका कॉलेजच्या मुलीचा. "त्या आजी? किती गोड आहेत! मला तो नंबर पाठच झालाय. नऊ बैल लदेणीचे..." तिला थांबवून बबलूनं तिसरा लावला.

हिमायतनगरचा चहावाला वैतागून बोलला, "चार बार लावला मी. बंद! मावशी म्हणे, माझी बहीण फोन बंद ठेवणारी नाही. बसली ढाणकीच्या गाडीत."

शेवटचा नंबर जरा वेळ वाजला. मागं इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "कंडक्टर बोलून राह्यलो. बोला लवकर."

"भाऊ, तुमच्या फोनवरून एका बाईनं फोन लावलता..."

"हो, दोनदा लावला. ढाणकीले उतरली, लय वेळ बसली ष्टँडवर. आता म्हने, कोनी नाही आलं, वापस जातो. मागच्या सीटवर बसली हाय. गाडी निघून राह्यली..."

स्टँड समोरच होतं, पण बाजाराच्या गर्दीत दोघी एकमेकींना दिसल्या नव्हत्या. बिजलीबाई रस्त्यावर धावली. मोबाइल बबलूच्या हातात तसाच राहिला. कोथळीत मी उसळत होतो, सुपारी माझ्या अंगावर आणि मी कवड्यांच्या अंगावर. काउंटरवरून उचलून तिनं सवयीनं मला परत कोथळीत टाकलं होतं, म्हणून हे मला स्वतः पाहता आलं. गाडी फलाटावरून मागं येऊन वळली होती. बाजाराचा दिवस, हॉर्न, भाजीवाल्यांची ओरड. तिथे एका बाईची हाक कुणाला ऐकू जाणार? बिजलीबाईनं हाक मारली नाही. गाडीपुढं उभी राहून तिनं हात पसरले आणि खड्या आवाजात गायला सुरुवात केली.

"नऊ बैल लदेणीचे..."

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. आणि मागच्या खिडकीतून दुसरी ओळ आली.

"आठ गोण्या मिठाच्या..."

गाडी थांबली, बाजार थांबला. एक ओळ रस्त्यावरून, एक ओळ खिडकीतून, मग दारातून, मग पायरीवरून. शेवटची ओळ कुणालाच पूर्ण करता आली नाही. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हुंदके देत होत्या आणि बांगड्या वाजत होत्या.

"मले वाटलं, नंबर तुटला," सुखीबाई म्हणाली.

"नंबर बबलूच्या ड्रॉवरमंदी झोपलता," बिजलीबाई रडता रडता हसू लागली.

"बाई, बोलनं मंग करा," कंडक्टर खिडकीतून ओरडला, "गाठोडं उतरवून घ्या!" पण तोही हसत होता. बबलूनं गाठोडं उतरवलं. दुकानाला कुलूप लावून तो स्वतः दोघींना तांड्यावर सोडायला निघाला, आणि वाटेत त्यानं आपल्या गाडीचा हॉर्न एवढा वाजवला की वाजतगाजत नेण्यात काही कमी राहिली नाही.

तांड्यावर होळी पहाटे पेटते. तोवर जीवन, उज्ज्वला आणि बाळ पोचले होते. काय घडलं ते ऐकून जीवननं कान पकडले. "आई, मी निसतं फेकून दे म्हटलं. आता सिम मोबाइलच्या बाहेर निघत नाही, मोबाइल जिथं तिथं नंबर, हे नीट सांगाले पाह्यजे होतं."

"मीबी तं इचारलं नाही," बिजलीबाई म्हणाली. "मोबाइल बदलला तं काय कराचं, थे सांगून ठेव आता. हरवला तं काय, थेबी सांग." जीवननं सगळं सांगितलं, आणि तिनं ते परत त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

मग धुंड झाली. बाळ उज्ज्वलाच्या मांडीवर, वर काठ्यांचा ताल, आणि सुखीबाईचा गळा. पारंपरिक गाणी झाल्यावर पोरींनी हट्ट धरला, म्हणून तिनं नंबराची लेंगीही म्हटली. बाळ टकामका पाहत होतं. आता सगळ्या तांड्याला तो नंबर पाठ आहे आणि पोरं उगाच मिस कॉल देतात. बबलूही आता दुरुस्तीला मोबाइल घेताना एकाऐवजी दोन प्रश्न विचारतो: सिम काढलं का, आणि आत न दिसणारं सिम आहे का.

सुखीबाई परत निघाली त्या दिवशी बिजलीबाई कोथळी झटकत होती. मी तिच्या तळहातावर पडलो.

"हे मले दे," सुखीबाई म्हणाली.

"मेलेलं हाय व थे. टाकूनच देनार होती."

"असू दे. चमकते किती!"

तिनं काशिद्याची सुई घेतली. दोन आरशांच्या मधोमध लाल दोऱ्यानं मला आपल्या कोथळीवर शिवून टाकलं, चारही बाजूंनी घट्ट टाके घातले. हाच माझा मुक्काम. आता मी आदिलाबादच्या रानात शेळ्यांमागे हिंडतो. ऊन पडलं की आरशांबरोबर मीही झळकतो. ज्या नंबरासाठी माझा जन्म झाला तो इकडे सुखीबाईच्या तोंडात आहे आणि तिकडे त्या न दिसणाऱ्या भावाच्या पोटात. तो फोन घेतो, मी बहिणीच्या कमरेला असतो. आम्हा दोघांचं आता छान जुळलं आहे.

मित्रांनो, मोबाइल तुमचे नवे असोत की जुने, सिम दिसणारं असो की न दिसणारं, त्याची नीट माहिती ठेवा आणि घरातल्या थोरांनाही ती न कंटाळता सांगा. रिचार्ज वेळेवर मारा. आणि ज्यांच्यावाचून तुमचं अडेल, अशा एका तरी माणसाचा नंबर तोंडपाठ करा. चाल तुमची तुम्ही लावा.

आणखी एक विनंती आहे. कधी एखाद्या स्टँडवर, आरशांची ओढणी घेतलेली एक म्हातारी तुमच्यापाशी मोबाइल मागेल. नंबर विचाराल तर ती गायला लागेल. हसू आलं तर खुशाल हसा, पण तिची शेवटची ओळ होईपर्यंत थांबा आणि फोन लावून द्या. शेवटचा आकडा दोन आहे.

तिच्या कमरेकडे पाहा, मी तिथेच असेन.